पोटातली वस्ती

थोरलीने उशीला टेकून गुडघे पोटाशी घेतले आणि धाकट्या बहिणीकडे न बघताच डॉक्टरीणबाईंना विचारलं,

"म्हणजे हिच्या संडासातली घाण माझ्या पोटात घालणार?"

"गाळून, तपासून, नळीने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाढेसाठी घेतलेल्या जालीम गोळ्यांनी तुमच्या आतड्यातले चांगले जंतूही मेले. वस्ती ओस पडली की गुंड शिरतात ना, तसा एक वाईट जंतू आत माजलाय. निरोगी माणसाचे जंतू तिथे जाऊन बसले, की तो हटेल."

महिनाभराच्या जुलाबांनी थोरलीचं चिपाड झालं होतं. जन्मभर पडदे शिवून घट्टे पडलेली तिची बोटं चादरीची किनार चाचपत होती. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटी फिरकली नाही, हे तिने कधी पोटात घातलं नव्हतं. तेव्हापासून दोघींत अबोला. आजही थोरलीच्या मुलाने हातापाया पडून बोलावलं, म्हणून धाकटी आली होती.

"लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचीस," धाकटी हळूच म्हणाली. "आता हेही घे."

थोरलीला खुदकन हसू फुटलं. मग दोघी इतक्या हसल्या, की थोरलीला पोट धरून संडास गाठावा लागला.

धाकटीच्या तपासण्या झाल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं जमणार नाही. कारण मला सांगता येत नाही. पण दुसऱ्या कुणाचं मिळेल, काळजी करू नका."

थोरलीने लगेच फोन लावला.

"त्या सुया, त्या नळ्या... मला नाही गं झेपलं," पलीकडून धाकटी म्हणाली.

"आईच्या वेळीही नव्हतं झेपलं तुला," असं म्हणून थोरलीने फोन ठेवून दिला.

कुणा अनोळखी माणसाचे जंतू तिला मानवले. जुलाब थांबले. भूक लागू लागली. दोन घास जास्त खाऊन ती मनातल्या मनात शिव्यांची उजळणी करायची, आणि अन्नापेक्षा तो रागच तिच्या अंगी लागत होता. जिना चढण्याइतकं बळ आलं, त्याच दिवशी ती धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली.

धाकटीच्या नवऱ्याने दार उघडलं आणि तो बाजूला झाला.

आत पलंगावर धाकटी पडून होती. डोक्याला रुमाल, भुवया झडलेल्या.

"तुझ्यासाठी तपासलं ना, तेव्हाच निघालं," ती म्हणाली. "आतड्यात. बरंच पसरलंय."



"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रडत बसली असतीस. अंगात जीव होता का तेव्हा तुझ्या? रागावलीस की तू तगतेस, ताई. मला ठाऊक आहे."

थोरली झटकन पुढे झाली.

"थांब," धाकटी म्हणाली. "आधी हात धू. साबणाने. मला आता कुठलाच जंतू चालत नाही. तुझाही नाही."

थोरली आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती बाहेर आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते, आणि तोंडही.

"सरक जरा," ती म्हणाली.

धाकटी सरकली. फारसं सरकावं लागलं नाही.