मोरपंखीची ओटी

झाडाची ओटी भरायची कल्पना माझीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको.

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत, आमच्या गॅलरीसमोरच, मोरपंखी आहे. विद्या येते म्हणून लहानपणी आपण जिचं पान पुस्तकात ठेवायचो, तीच. माझा मुलगा जयदीप पहिलीत गेला तेव्हा मी नर्सरीतून आणून लावली. त्याला विद्या आली की नाही ते त्याच्या गुरुग्रामच्या बॉसला विचारा, झाड मात्र दुसऱ्या मजल्याला टेकलं. मिनिस्ट्रीतून रिटायर झाल्यापासून माझा सकाळचा चहा त्याच्याकडे बघतच होतो.

गेल्या चैत्रात ते फळांनी असं लगडलं की पानं दिसेनात. निळसर हिरवी, शिंगं फुटलेली इवली फळं, शेंड्यापासून खालपर्यंत. पंचवीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. माझा तर ऊर भरून आला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही इथल्या मराठी बायका जमतोच, म्हटलं, आंबेडाळ खाण्याआधी हिची ओटी भरू. आता बारसंही करून टाका, असं ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सुचवलं. मी काही लक्ष दिलं नाही.

बुंध्याला खण गुंडाळला, नारळ-तांदूळ ठेवले आणि तांब्याभर पाणी मुळाशी घातलं. पण पाणी मुळाशी गेलंच नाही. टाइल्सवरून ओघळत ते शेजारच्या चेतनाच्या चपलांपाशी आणि तिथून गटारात गेलं. सगळ्या हसल्या. उत्तरा तेवढी हसली नाही.

उत्तरा परभणीची. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि वनस्पतिशास्त्र घेऊन यूपीएससीची तयारी करते. पोरगी मोजकंच बोलते. ती खाली बसली, बुंध्याला घट्ट भिडलेल्या टाइल्सवरून बोट फिरवलं, मग फांद्या बाजूला करून मला आत बघायला लावलं. आत सगळं तपकिरी, वाळून काड्या झालेलं.

"काकू, हे सुखाचं लक्षण नाही," ती म्हणाली. "आपण जगू याची खात्री वाटेनाशी झाली की झाड असं करतं. स्वतःसाठी काही ठेवत नाही. असेल नसेल ते बियांत घालतं."

ही तयारी त्यानं आदल्या वर्षीच्या उन्हातच सुरू केली असणार, असंही ती म्हणाली. बाई गं! आम्ही एसी लावून बसलो होतो, आणि पाण्याच्या थेंबाला महाग झालेलं ते मुकं झाड स्वतःचं सोडून लेकरांची सोय बघत होतं. रोज समोर बसून मला पत्ता नाही. मी हात जोडले. ओटी भरताना जोडले होते त्याहून वेगळे.

आणि टाइल्स कोणी बसवल्या? चिखलानं चपला भरतात म्हणून दोन वर्षांपूर्वी दारोदार सह्या गोळा करणारी बाई मीच.

सेक्रेटरीसाहेबांनी मीटिंगमध्ये तेच ऐकवलं. आंटीजी, आपने ही तो लगवाई थी.

"जी, मैंने ही," मी म्हटलं. "इसलिए निकलवाऊँगी भी मैं ही."

दोन आठवडे भांडले. शेवटी कंटाळून त्यांनी बुंध्याभोवतीच्या टाइल्स उखडल्या. माळ्यानं माती भुसभुशीत केली, पालापाचोळा पसरला, आणि पाणी मी स्वतः घालायला लागले. आश्विनात फळं उकलली तेव्हा बिया त्याच खणात बांधून ठेवल्या. न जाणो, झाड गेलंच तर. सगळा हिवाळा त्या पुरचुंडीकडे बघवत नव्हतं.

यंदाच्या चैत्रात उत्तराला घेऊन फांदी न् फांदी चाळली. एक फळ सापडलं नाही. आतल्या वाळक्या काड्यांच्या पुढे नुसती कोवळी, पोपटी पानं.

चेतनानं विचारलं, यंदा ओटी नाही का भरायची? मी घरात आले आणि देवापुढे साखर ठेवली. कुणाची कूस रिकामी राहिली म्हणून मी जन्मात पहिल्यांदाच साखर ठेवत होते.