शेकाची लाली

मी ऐश्वर्याच्या रक्तातला प्रतिपिंड बोलतोय. घाबरू नका, मी जंतू नाही. जंतूंना धरायलाच शरीर माझ्यासारख्यांना घडवतं. आपलं कोण, परकं कोण, एवढंच आम्ही ओळखायचं. माझी घडणच चुकली. मी घरच्यांनाच परकं समजून धरू लागलो. या दुखण्याला लुपस म्हणतात.

सेनगावात ऐश्वर्या बाळंत झाली आणि आमची संख्या वाढली. आधी तिचे सांधे आखडले. मग केस पुंजक्यांनी गळू लागले, गालांवर लाली पसरली. माणसांकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयारच असतं. सासू सोजराबाईंनी वारं लागू नये म्हणून सुनेचं डोकं फडक्यानं घट्ट बांधलेलं. केस गेलेले कुणाला दिसलेच नाहीत. लालीचं श्रेय शेगडीच्या शेकाला गेलं. रंग कसा उजळून राहिला, असं सोजराबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या.

मेंदूला एक कुंपण असतं. दाहानं ते सैल झालं, तसे आमच्यातले काही आत शिरले. ऐश्वर्याला शब्द सापडेनात. एका दुपारी रडणाऱ्या लेकराकडे बघून ती म्हणाली, "आत्याबाई, हे कोणाचं लेकरू? त्याच्या मायकडं द्या की."

सोजराबाईंनी लेकरू उचललं, ते परत तिच्या मांडीवर दिलं नाही. बाळंतवारं डोक्यात गेलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नवरा रत्नपाल मात्र दोघींना घेऊन हिंगोलीला दवाखान्यात गेला.

डॉक्टरबाईंनी गालाकडे बोट दाखवलं. "ही लाली कशाची?"

"शेकाची."

"शेक कधी बंद केला?"

"झाला की महिना..." सोजराबाई बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी स्वतःच फडकं सोडलं.

पुढं नांदेडला रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. आम्ही सापडलो. औषधं सुरू झाली आणि आमची गर्दी ओसरली. मी अजून आहे, थोडका. गोळ्या मनानं बंद करू नका, एवढंच सांगणं. मला चूक कळत नाही, संधी तेवढी कळते.

आज सोजराबाईंनी लेकरू ऐश्वर्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्या उठल्या. तिनं त्यांचा पदर धरला. पुन्हा ओळख पटली नाही तर, म्हणाली.

"न्हाई पटली तर म्या हाय की सांगायला. तुझंच हाय म्हणून."

मला तसं सांगणारं कुणी भेटलं नाही.