जोडरस्त्याच्या टोकाशी

मास्तरांनी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. आता शिकणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांची सून. मुलगा अपघातात जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिला पलीकडच्या शहरात नोकरी लागली होती आणि तिथं जायला हायवेशिवाय रस्ता नव्हता.

गल्लीबोळांत ती झकास चालवायची. मास्तरांचा पाय मात्र सवयीनं समोरच्या मॅटवर दाबला जायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असे.

"बाबा, मॅटला भोक पडेल हं."

"पडू दे. तू समोर बघ."

रविवारी सकाळी ते जोडरस्त्याला लागले. थोडं अंतर हायवेला खेटून धावणारी आणि मग निमुळती होत संपणारी ती पट्टी.

"पहिला हक्क हायवेवरच्यांचा," मास्तर म्हणाले. "म्हणून त्यांच्याइतका वेग इथंच धरायचा. इंडिकेटर दे, आरसा बघ, मान वळवून बघ. फट दिसली की शिर."

तिनं वेग घेतला, पण शेजारून ट्रकची रांग आली आणि तिचा पाय ब्रेकवर गेला. मागचा टेम्पो कर्कश हॉर्न देत अगदी जवळ आला.

"थांबू नकोस. ट्रकमागे जागा आहे, दाब."

ती कशीबशी शिरली. पुढच्याच फाट्यावर बाहेर पडून तिनं पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली.

"शंका आली की थांबायचं ना? हे होते तेव्हा मला रोज ऐकवायचे. तुमचंच वाक्य."

मास्तरांनी मॅटवरचा पाय मागं घेतला.

"ते गावातल्या चौकासाठी होतं. त्याला शिकवलं तेव्हा हा हायवे नव्हता. झाल्यावर मी नव्यानं शिकवायला हवं होतं."

"म्हणजे?"

"त्याची गाडी बंद पडली नव्हती, पोरी. बंद पडली असं मीच सांगितलं सगळ्यांना. पंचनाम्यात होतं, इंजिन चालू, गाडी पहिल्या गिअरमध्ये. पट्टीच्या टोकाशी वाट बघत उभा होता. मागच्याचं लक्ष हायवेकडे, फट शोधण्यात. तो तसाच येऊन धडकला."

तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून खाली घेतले.

"मला कधी सांगणार होतात?"

"तू शिकलीस की. मग वाटलं, कधीच नको."

पंपावर दोन गाड्या पेट्रोल भरून निघून गेल्या. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"मागं बसा, बाबा."

मास्तर उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तिनं गाडी वळवून पुन्हा त्याच जोडरस्त्याला घातली. इंडिकेटर, आरसा, मान. वेग चढत गेला. मागून येणारी एक पांढरी गाडी तिला जागा द्यायला पलीकडच्या लेनमध्ये सरकली. ती शिरली आणि हात वर करून तिनं आभार मानले.

"शाब्बास," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

घर येईपर्यंत तिनं आरशात फक्त मागचा रस्ता पाहिला. सोमवारी ती एकटीच नोकरीवर निघाली.