हरेश्वर तांडेलानं बूट घातले

मढच्या कोळीवाड्यात हरेश्वर तांडेलाच्या रागाला सगळेच वचकून असायचे. एरवी माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या होडीवर कुणी चपला घालून चढलं, की मग त्याची काही खैर नाही. होडी म्हणजे आई, आणि आईच्या अंगावर पायताण घालून कोण चढतं? तशी ही रीत सगळ्याच कोळ्यांची. पाय मोकळे करायचे, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा आणि मग चढायचं. बाकीचे ही रीत पाळायचे; हरेश्वर मात्र डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पहारा द्यायचा.

त्याचा थोरला मुलगा अनंता सात वर्षांचा असताना मथुरेनं, म्हणजे हरेश्वरच्या बायकोनं, अंधेरीच्या बाजारात मासळी विकून येताना पोराला पहिल्यांदा चपला आणल्या. बापाला दाखवायच्या हौसेनं पोरगं जे धावत सुटलं ते थेट होडीवर. हरेश्वरनं अशी सणसणीत कानाखाली वाजवली की पोरगं पाण्यात पडता पडता वाचलं. चपला मात्र खाडीत गेल्या. त्या दिवसापासून अनंता होडीच्या दहा पावलं अलीकडेच अनवाणी व्हायचा. हे हरेश्वर चारचौघांत मोठ्या कौतुकानं सांगायचा, वळण लावावं तर असं, म्हणायचा.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत हाच अनंता नेव्हीत भरती झाला आणि शिकायला विशाखापट्टणमला गेला. सोळा सरून सतरावं लागलेलं, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्यांच्या आळीतून नेव्हीत जाणारा तो पहिलाच. होडीवर एक हात कमी झाला खरा, पण हरेश्वरची छाती अशी काही फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी राहिली. गावकीतले भाऊराव मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, की कोळ्याचं पोर ते, सरकारी शिस्तीत दोन महिने निघाले तरी पुष्कळ.  ते बोलणं हरेश्वरच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

मार्चच्या अकरा तारखेला अनंताचं पत्र आलं. हरेश्वर आणि मथुरा दोघांनाही अक्षरओळख नाही, म्हणून सातवीत शिकणारी धाकटी जानकी वाचायला बसली. पहिल्या चार ओळी खुशालीच्या होत्या. पाचव्या ओळीला तिचा आवाज उतरला.

प्रकार असा होता. धक्क्याला लागलेल्या जहाजावर सगळ्या मुलांनी रांगेनं, एका तालात, बूट वाजवत चढायचं. अनंता शिडीशी पोचला की त्याचे पाय थांबायचे आणि हात आपसूक बुटांच्या नाड्यांकडे जायचा. मागची पन्नास पोरं एकमेकांवर आपटायची. पहिल्या दिवशी शिकवणारा उस्ताद हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं बंदूक डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. मग रोजच. मुलं त्याला पुजारी म्हणून चिडवू लागली. आता येत्या वीस तारखेला मोठ्या साहेबांसमोर चढायचं होतं, आणि त्या दिवशी थांबलास तर नाव कापून घरी पाठवू, असं उस्तादानं बजावलं होतं.

शेवटच्या ओळी जानकीनं अगदी हळू वाचल्या. "बाबा, मी पायांना सांगतो, पण ते ऐकत नाहीत. शिडीपाशी गेलो की मला तुम्हीच दिसता. मी काय करू ते कळवा. परत ये म्हणालात तर येतो."

 खरं सांगायचं तर पहिल्या झटक्याला हरेश्वरला बरं वाटलं. पोरगं घरी येईल, होडीवरचा कमी पडलेला हात भरून निघेल, आणि बापाची शिकवण एवढी पक्की निघाली की सरकारलाही ती पुसता येईना, याचा अभिमानही वाटला. पण क्षणभरच. मग त्याला डोक्यावर बंदूक धरून उन्हात पळणारं आपलं पोर दिसलं. 

मथुरेनं डोळ्यांना पदर लावला नव्हता. ती नवऱ्याकडे सरळ बघत होती. "तुमीच शिकवलात," ती म्हणाली, "आता तुमीच सोडवा."

जानकी म्हणाली, त्यात काय एवढं, बूट घाल म्हणून लिहून टाकते. वही-पेन्सिल घेऊन ती बसलीसुद्धा. हरेश्वरनं तिला थांबवलं. अनंताला त्यानं जन्मात एकच गोष्ट मारून शिकवली होती, आणि मारून शिकवलेलं नुसत्या शब्दानं कसं निघणार? वर पोरगं वस्ताद. बाप मनापासून सांगतोय की रेटून, हे त्याला पत्रातूनही कळलं असतं. रात्रभर हरेश्वर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सकाळी तो उठला तो गावाबाहेरच्या बंगल्यावर गेला. सिनेमावाले शूटिंगला भाड्यानं घेतात त्यातला तो बंगला, आणि नंदकिशोर तिथला रखवालदार. त्याच्या पायांत काळे, जाडजूड बूट असायचे. हरेश्वरनं ते तासाभरासाठी मागितले. नंदकिशोरला वाटलं, तांडेल सिनेमात काम करतो की काय. पण हरेश्वरचा चेहरा बघून त्यानं थट्टा आवरली आणि बूट काढून दिले.

पंचेचाळीस वर्षांत हरेश्वरच्या पायांना बूट लागले नव्हते. होडीच्या फळ्या पकडून पकडून त्याची बोटं पंख्यासारखी पसरलेली, ती काही केल्या आत शिरेनात. नाड्या बांधणं तर त्याला जमेचना; नंदकिशोरनंच खाली बसून त्या बांधल्या. किनाऱ्यापर्यंत येईतो हरेश्वरच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या. पोरगं हे रोज दिवसभर घालतं, तेही पळत, हा विचार मनात आला आणि त्याला आपल्या पोराचा असा काही अभिमान वाटला की डोळे भरून आले.

किनाऱ्यावर होड्या निघायची गडबड चालली होती. हरेश्वरच्या पायांकडे पहिल्यांदा बघितलं ते त्याच्या होडीवरच्या सहदेवनं. त्याच्या हातातलं जाळं खालीच पडलं. मग एकेक करत सगळा किनारा बघायला लागला. भाऊराव लगबगीनं पुढे आले, तांडेलाचं डोकं फिरलं म्हणाले.

 हरेश्वरनं नाळेला हात लावला, कपाळाला नेला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात होडीला म्हणाला, "आई, तुझा नातू सरकारच्या मोठ्या होडीवर हाय. तिथं बुटाशिवाय चढता येत नाय. त्याचा काय दोष नाय. रागावायचं तर माझ्यावर रागाव."

आणि तो बूट घालून चढला. पुढून मागे गेला, मागून पुढे आला. फळ्यांवर बूट खाड खाड वाजत होते. सात वर्षांच्या पोराला मारलेला फटका त्याला आपल्या तळहातावर नव्यानं लागला. मग तो खाली उतरला, वाळूत बसला, बूट काढले आणि रक्ताळलेल्या टाचा खाऱ्या पाण्यात सोडल्या. चांगल्याच झोंबल्या.

त्या दिवशी सहदेव काही होडीवर चढला नाही, बाकीचे खलाशीही नाहीत. गावकीनं संध्याकाळी हरेश्वरला बोलावून त्याच्याकडून होडी धुऊन घेतली आणि नारळ फोडायला लावला. त्यानं मुकाट्यानं फोडला. पुढचे दोन दिवस मासळी कमी लागली, ते भाऊरावांनी घरोघर सांगितलं. तिसऱ्या दिवशी मासळीच्या भारानं जाळं ओढता ओढवेना, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पत्र मात्र बूट घातले त्याच दिवशी दुपारी गेलं होतं. हरेश्वरनं सांगितलं आणि जानकीनं जसंच्या तसं लिहिलं. "अनंता, मी आज आपल्या होडीवर बूट घालून चढलो. तिला विचारून चढलो. ती काही बोलली नाही. माझ्या टाचा सोलल्या, तुझ्याही सोलत असतील, तेल लाव. वीस तारखेला शिडीपाशी मी दिसलो तर माझ्या पायात बूट बघ आणि चढ."

वीस तारीख आली आणि गेली. हरेश्वर समुद्रावर जायचा, यायचा, जेवायचा, पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पोस्टमन आळीत दिसला की मथुरा उंबऱ्यात येऊन उभी राहायची. महिन्याच्या तीस तारखेला कार्ड आलं. त्यात मोजून दोन ओळी होत्या. "बाबा, चढलो. मागचं कुणी आपटलं नाही. बाकीचं आल्यावर सांगेन." ते कार्ड जानकीनं त्या दिवशी अकरा वेळा वाचलं.

अनंता सुट्टीवर आला तो पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. वर्सोव्याहून माणसं आणणारी नाव येताना दिसली, तेव्हा अर्धा कोळीवाडा धक्क्यावर जमला होता. पांढराशुभ्र पोशाख, डोक्यावर गोल टोपी, खांदे रुंद झालेले. मथुरेनं पहिल्यांदा ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा तिला रडू आवरेना. नावेतून उतरलेल्या अनंताच्या पायांत मात्र काही नव्हतं. काळेभोर, आरशासारखे चकचकीत बूट त्यानं नाड्यांनी धरून हातात घेतले होते.

भाऊरावांनी संधी सोडली नाही. वर्षभर शिकवून सरकारला याच्या पायांत बूट चढवता आले नाहीत वाटतं, म्हणाले. दोन-चार माणसं हसली.

अनंतानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि तो तसाच बापाच्या होडीकडे चालू लागला. हरेश्वर तिथंच उभा होता. पोरानं आधी त्याच्या पायांना हात लावला. मग नाळेला हात लावून तो कपाळाला नेला. मग दोन पावलं मागे सरला, टाचा जुळवल्या, ताठ उभा राहिला आणि होडीकडे तोंड करून त्यानं खाडकन सलाम ठोकला.

 हे काय, म्हणून हरेश्वरनं विचारलं.

"तिकडची रीत," अनंता म्हणाला. "शिडी चढून वर पोचलं, की जहाजावर पाय टाकण्याआधी जहाजाला सलाम करायचा. खलाशी असो नाहीतर सगळ्यात मोठा साहेब, केल्याशिवाय कुणी पाऊल ठेवत नाही. बुटांच्या धसक्यात माझं तिकडे लक्षच नव्हतं, बाबा. वीस तारखेला बूट घालून सरळ वर गेलो आणि मग बघितलं."

 एवढी मोठी लोखंडाची जहाजं, तोफा, साहेब, आणि तेही पाय ठेवण्याआधी नमस्कार करतात. हरेश्वरनं पोराच्या खांद्यावर हात ठेवला.  मग तो भाऊरावांकडे वळला.

"भाऊराव," तो म्हणाला, "माझ्या होडीला सरकारचा सलाम आला. तुमची होडी पलीकडेच हाय. म्हणत असाल तर पोरगं तिलाही ठोकून येईल."

 भाऊरावांनी पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि अनंताला हाताला धरून आपल्या होडीकडे घेऊन गेले.