ओल्या मालाची तक्रार

अंबडच्या एका कारखान्यात कांदा निवडायचं यंत्र तयार होत होतं. कॅमेऱ्याने सडका कांदा हेरला, की हवेचा झोत त्याला पट्ट्यावरून उडवायचा. पण मधूनच सडका तसाच पुढे जाई आणि त्याच्या मागचा चांगला कांदा उडे. फिटर हिरामणदादांनी हवेचा व्हॉल्व्ह दोनदा बदलला, तरी तेच.

यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या रिदाला ते ‘मधूनच’ स्वस्थ बसू देईना. सडका कांदा दिसताच ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, इंटरप्ट जातो. हातातलं काम टाकून इकडे बघ, अशी ती हाक. त्या हाकेला ओ द्यायला किती वेळ लागतो, हे तिने टेबलावर हजारदा मोजलं. कधीच मिलिसेकंदही नाही.

“टेबलावर नाय सापडायचं ते,” घोटीकडचे हिरामणदादा म्हणाले. “ओला माल आला का लय चुकतंय. सुका नीट जातो.”

ओलाव्याचा आणि कर्नलचा काय संबंध? रिदाला हसू आलं, पण तिने कांद्यांवर पाणी शिंपडून यंत्र सुरू केलं. पाचव्या मिनिटाला पडद्यावर आकडा आला: चोवीस मिलिसेकंद. पट्टा सेकंदाला दोन मीटर धावतो. म्हणजे तेवढ्यात जवळपास पाच सेंटिमीटर. एक कांदाभर!

त्या क्षणी कर्नल कशात गुंतला होता, ती नोंद तिने उघडली. तो आर्द्रतेचा सेन्सर वाचत होता. हवा दमट झाली की पंखे लावण्यासाठी तो पुन्हापुन्हा वाचला जाई, आणि वाचताना माप चुकू नये म्हणून बाकीचे सगळे इंटरप्ट बंद ठेवलेले. कोणी लिहिलं हे? वर नाव तिचंच होतं, तारीख गेल्या वर्षीची.

तिचे कान तापले. “दादा, व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष. चूक माझी. ओलावा मोजणारा सेन्सर वाचताना कर्नलला बाकीच्या हाका ऐकूच येत नाहीत, मीच बंद केल्यात.”

“बरं झालं, तिसरा मागवला नाय.” ते स्टूल ओढून शेजारी बसले. “मग आता हाका बंद न करता वाचणार कसं?”

प्रश्न नेमका होता. बोर्डावर एक स्वतंत्र टायमर रिकामा पडून होता. सेन्सरच्या खुणा टिपायचं काम तिने त्याच्याकडे दिलं. कर्नलने ते आकडे नंतर सवडीने उचलायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओल्या कांद्याचे वीस क्रेट पट्ट्यावरून गेले. सर्वांत उशिराची ओ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात. एकही चांगला कांदा उडाला नाही.

दोन सडके मात्र निसटले. रिदाने ते फिरवून पाहिले. सड फक्त खालच्या अंगाला होती, जिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नाही. इथे आरसा बसेल का, म्हणत ती पट्ट्याखाली वाकली.