मी दाखवतो अकरा, वहीत मात्र चार

मी एक जुना तापमापक आहे. औषधांच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात माझा मुक्काम. मित्रांनो, नवा होतो तेव्हा काय ऐट होती माझी! दुकानदार सकाळ-संध्याकाळ चष्मा कपाळावर सरकवून मला वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. इन्सुलिन दोन ते आठ अंशांतच टिकतं, त्यावर नजर ठेवणं हे माझं काम.

पण रोज आपले चारच अंश! त्याला कंटाळा आला. मग दर सोमवारी चहा पिता पिता तो पुढच्या अख्ख्या आठवड्याचे चार एका दमात लिहून टाकू लागला. माझ्याकडे ढुंकूनही बघेना. पुढे दाराचं रबर सैल झालं आणि मी अकरावर जाऊन बसलो. आता मी काय डोकं आपटू?

याच फ्रिजमधलं इन्सुलिन त्याची आईही घ्यायची. सहा महिने तिची साखर काही केल्या उतरेना. ती दुकानात आली की हा शहाणा तिच्यावरच डाफरायचा, "आई, तू चोरून गोड खातेस."

"नाही रे बाबा, चवसुद्धा विसरले मी," ती म्हणायची. मी आतल्या आत चरफडायचो.

परवा बुधवारी औषध खात्याकडून तपासणीला एक बाई आल्या. परवाना, बिलं, मुदत संपलेल्या गोळ्यांचा खोका, सगळं नीट होतं. मग त्यांनी वही उघडली.

"येत्या शनिवारचं तापमान तुम्हाला आजच कसं कळलं?"

बाईंनी फ्रिज उघडून मला वाचलं. "अकरा. यातलं काहीही विकायचं नाही. ज्यांना दिलंय, त्यांना आत्ताच्या आत्ता कळवा. परवान्याचं नंतर बघू."

त्याने पहिला फोन घरी लावला. "आई, घरातलं इन्सुलिन घेऊ नकोस, मी दुसरं घेऊन येतोय. ते खराब होतं गं. माझ्यामुळे."

पलीकडून आवाज आला, "म्हणजे मी खरंच खात नव्हते, हे पटलं ना तुला?"



मित्रांनो, मला पुसू नका, मिरवू नका, पण लिहिण्याआधी एकदा बघा तरी! एवढंसं काम टाळलं, आणि एक म्हातारी सहा महिने पोटच्या पोरासमोर खोटारडी ठरली.