सहा सेकंदांचं दार

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. तिच्या हातून एकही चूक निसटत नसे, म्हणून. आता चाळणीत गोष्टी अडकतात की तिच्यातून गळतात, यावर चहाच्या वेळी वाद व्हायचे. पण नाव पडलं ते पडलंच. तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली.

ती खेळ तपासायची. 'चटकन' नावाच्या व्हिडिओ गेमचे पाच भाग निघाले होते, सहाव्याचं काम चालू होतं. एकेका भागात दोनशेच्या वर इटुकले खेळ, आणि प्रत्येक खेळ पाच सेकंदांचा. पडद्यावर एकच शब्द यायचा. पकड! पुस! फुंक! लपव! तो वाचायचा, काय करायचंय ते ओळखायचं, आणि बटण दाबून मोकळं व्हायचं. टेबलावरून कप घरंगळतोय, पकड. मेणबत्ती जळतेय, फुंक. जमलं तरी पुढचा खेळ, नाही जमलं तरी पुढचा. मध्ये घोटभर पाणी प्यायलाही फुरसत नाही.

चाळणीला प्रत्येक खेळ शंभर वेळा जिंकायचा आणि शंभर वेळा हरायचा असे. "जिंकायला काही लागत नाही हो," ती नव्या लोकांना सांगायची, "मुद्दाम हरताना मात्र घाम फुटतो." दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी, कानांवर हेडफोन, खिडकीचे पडदे ओढलेले, आणि समोर कागदावर खेळांची यादी. शेजारी प्रोग्रामर बसायचा. खेळ सुचवायचे आणि चितारायचे ते मात्र एकट्या मास्तरांनी. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून मास्तर. पन्नाशीचे, हडकुळे, बोलायला गोड. दोन वर्षांपूर्वी, पाचवा भाग अर्ध्यावर असताना, त्यांची बायको गेली. न्हाणीघरात चक्कर येऊन गेली, एवढंच ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी मास्तर कामावर हजर झाले आणि त्यांनी मान खाली घालून उरलेले खेळ पुरे केले. कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

सहाव्या भागात एकशे सत्तेचाळीस नंबरचा खेळ आला तेव्हा चाळणीचा अंगठा पहिल्यांदा अडला. पडद्यावर एक हिरवं दार. आतून कुणीतरी ठोठावतंय, टक, टक, टक. वर शब्द, ढकल! तिने बटण दाबलं, दाबलं, दाबतच राहिली. दार बोटभर सरकलं आणि वेळ संपला. पुन्हा. बोटभर. पुन्हा. बोटभर. दुपारपर्यंत तिने तीनशे वेळा ते दार ढकललं. ऑफिसात तिच्याइतका चपळ अंगठा दुसरा कुणाचा नव्हता. शेवटी तिने यादीत लिहिलं, "१४७: जिंकता येत नाही."

प्रोग्रामरने खेळाच्या कोडमध्ये डोकावून पाहिलं. "चूक नाहीये ही. दार उघडायला सहा सेकंद लागतात, असं मास्तरांनीच लिहून ठेवलंय. तू बटणावर हातोडा मारलास तरी सहाच."

"अरे, पण खेळ पाचाचा आहे!"

"ते त्यांना विचार. मी सांगकाम्या."

ती मास्तरांच्या टेबलापाशी गेली. त्यांनी तिच्याकडे न बघताच म्हटलं, "राहू दे तो तसाच. तू खेळत राहा फक्त."

तिला वाटलं, असेल काही गंमत. पण दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी आले की पिशवीही न ठेवता आधी तिच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "उघडलं का?"

"नाही, मास्तर."

"बरं," म्हणायचे आणि जायचे. रोज. आठवडाभर हे चाललं तसा तिला त्या प्रश्नाचा धसकाच बसला. ते उघडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांच्या आवाजात दर सकाळी नवी आशा असायची.

मग मंगळवारी, जेवणानंतर, तिला चौथी थाप ऐकू आली.

टक, टक, टक. थोडी शांतता. आणि मग एक बोदा, मऊ आवाज, बोटांच्या पेरांचा नव्हे, तळहाताचा असावा तसा. थप्.

तिने हेडफोन काढून मागे पाहिलं. मागे भिंत होती. तिने तोच खेळ आणखी चाळीस वेळा लावला. चौथी थाप त्यात दोनदा आली, तीही तिचं लक्ष जरासं हललेलं असताना. प्रोग्रामरने आवाजाची मूळ फाइल उघडून दाखवली. तीन उंच रेघा, पुढे सपाट. "तीनच आहेत. दिवसभर कानांत ते बूच घालून बसतेस, दुसरं काय होणार? कान दाखवून घे एकदा."

त्याचं म्हणणं तिला पटलंही. पण सवयीने तिने यादीत लिहिलं, "१४७: कधीकधी चौथी थाप." खोडावंसं वाटलं, तरी खोडलं नाही.

बुधवारी आणि गुरुवारी मास्तर आलेच नाहीत. फोन उचलेनात. ऑफिसच्या मोठ्या बाईंनी यादी वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे काय लिहिलंयस? उद्या शेवटची तारीख आहे. एकशे सत्तेचाळीस दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका. जा, त्यांच्या घरी जाऊन विचारून ये."

मास्तरांचं घर तळमजल्यावर होतं. भर दुपार होती, तरी आत दिवे चालू होते. मास्तर दोन दिवसांची दाढी खाजवत म्हणाले, "ये. जरा अंग मोडून आलं होतं." तिने हात धुवायला म्हणून न्हाणीघर विचारलं. न्हाणीघराला दार नव्हतं. चौकटीला नुसता पडदा लावलेला होता, आणि बिजागऱ्यांच्या जागी भोकं.

दार कामाच्या खोलीत होतं. टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवलेलं. हिरवं. खालची कड फुगून खरवडलेली. तीनशे वेळा ढकललेलं दार तिने लगेच ओळखलं.

"आवाज याच्यावरच घेतले," मास्तर म्हणाले. "बस ना."

ती बसली. मग त्यांनी सांगितलं, तिच्याकडे न बघता, दाराकडे बघत.

दार खालून फुगलं होतं, आतून ओढलं तरी निघायचं नाही. बायको आंघोळ झाली की तीनदा ठोठावायची. मास्तर उठून खांद्याने ढकलायचे. सुताराला बोलवू, बोलवू म्हणत वर्ष गेलं. त्या सकाळी थंडी होती, म्हणून तिने खिडकी लावून घेतली होती. गॅसच्या गीझरचा विषारी वायू आत कोंडला. त्या वायूला वासही नसतो. मास्तर याच खुर्चीत हेडफोन घालून पाचव्या भागातले खेळ लावून बघत होते. एकामागून एक, फुंक, पकड, पुस.

"ठोठावलेलं ऐकलं मी," ते म्हणाले. "ऐकलं नाही असं नाही. मला वाटलं, खेळातलंच आहे."

विचारायचं नव्हतं तेच चाळणीच्या तोंडून निघालं. "मग सहा सेकंद का लिहिलेत, मास्तर? चार लिहिलेत तर उघडेल ना ते."

"मोजलेत मी. घड्याळ लावून. हेडफोन काढायचे, उठायचं, पाच पावलं, खांदा लावायचा. सहा होतात. त्यात खोटं कसं लिहू? म्हटलं, तुझा अंगठा चपळ आहे. तुझ्या हातून उघडलं तर..."

"पण त्या दिवशी पाचाची अट कुठे होती?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. धीर द्यायला निघालेलं वाक्य सुरीसारखं गेलं होतं. मास्तरांनी मात्र शांतपणे मान हलवली. "नव्हती. तेच तर."

मग त्यांनी विचारलं, "काय काम काढून आलीस?"

तिने यादी पुढे केली. त्यांनी वाचली आणि चौथ्या थापेच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. ऐकू आलं. प्रोग्रामर म्हणतो, कानांचा दोष असेल."

"कशी होती थाप?"

"बोदी. तळहाताची असावी तशी. तिन्हींनंतर जरा थांबून."

मास्तर उठले, दारापाशी गेले आणि त्यांनी पेरांनी तीनदा ठोठावलं. थांबले. मग पंजा सपाट करून दारावर एकदा टेकवला, जेमतेम आवाज होईल इतपत. आणि हात तिथेच राहू दिला.

"अशी?"

"अशीच."

"ती असंच करायची," ते म्हणाले. "मी उठायला वेळ लावला की. रागावून नाही, आहेस ना रे, असं विचारल्यासारखं. मी विसरूनच गेलो होतो गं. साफ विसरलो होतो, म्हणून तर खेळाच्या आवाजात घेतली नव्हती ती थाप."

ती निघाली तेव्हाही त्यांचा हात दारावरच होता.

शुक्रवारी मास्तर दाढी करून आले. या वेळी ते तिच्या खुर्चीमागे थांबले नाहीत. स्वतःच्या जागेवर बसून त्यांनी एकशे सत्तेचाळीस नंबर स्वतःच्या हाताने काढून टाकला, चित्रं, आवाज, सगळं, आणि जाऊन मोठ्या बाईंना तसं सांगितलं. त्या जागी पतंगाचा एक साधा खेळ घातला. महिन्याभराने त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या चहाला ते सगळ्यांशी हसून बोलले. चाळणीपाशी आले तेव्हा म्हणाले, "आता मी विचारणार नाही तुला काही." तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

सहावा भाग वेळेवर निघाला, चांगला चालला. सातव्याचे खेळ आता एक नवी मुलगी काढते. चाळणी तेच काम करते, तितकंच चोख. दारं-खिडक्यांचे खेळ तेवढे ती प्रोग्रामरकडे सरकवते, आणि तोही का म्हणून विचारत नाही.

घरी ती आणि आई, दोघीच. रविवारी सकाळी ती हेडफोन घालून काम करत बसली की मध्येच ते ओरबाडून काढते, खुर्ची मागे ढकलते आणि धावत स्वयंपाकघरात जाते. आई ओट्यापाशी उभी असते, धडधाकट, हातात चमचा.

"काय झालं गं?"

"तू हाक मारलीस ना?"

"मी? नाही बाई."

सुरुवातीला आई घाबरायची, डॉक्टरकडे जाऊ म्हणायची. हल्ली नुसती तिच्या तोंडाकडे बघते, आणि वरच्या फळीकडे बोट दाखवते. "आलीच आहेस तर तो डबा काढून दे. माझा हात पोचत नाही."

ती डबा काढून देते. मग लगेच परत जात नाही. दाराच्या चौकटीला टेकून, आईचं काम उरकेपर्यंत तिथेच उभी राहते.